‘त्यांना आता काय कळतंय?’

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईवडिलांविषयी आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती बघता बघता मुलांवर येऊन थांबते. आईला देखभाल केंद्रात ठेवणारा मुलगा कृतघ्न की अगतिक? नोकरी सुनेनेच का सोडायची? अमेरिकेतल्या लेकीने महिन्याला पैसे पाठवले की तिचे कर्तव्य संपले का? एका बाजूने श्रावणबाळ येतो, दुसऱ्या बाजूने वन बीएचकेचे क्षेत्रफळ आणि मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोचे दरपत्रक. दोन्ही पक्ष तळमळीने बोलतात आणि दोघांचेही बरेचसे खरे असते. पण नीट ऐकले तर लक्षात येते की हा सगळा खटला मुलांवरच चालला आहे. आरोपी तीच, वकील तीच आणि निकालाची धास्तीही त्यांनाच. जिच्या नावाने हे चालले आहे, तिची साक्ष कुणी काढलेली नसते.

माझे मत आधीच सांगून टाकते. घर की केंद्र हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर, पोटच्या मुलांच्या देखत माणसाचा प्रत्येक निर्णय काढून घेता येतो; आणि परक्या गावातल्या केंद्रात, पगारी मावशींच्या सोबतीनेही तो त्याच्याकडे राहू शकतो. पहिला प्रश्न असा, की रोजच्या जगण्यातले निर्णय घेते कोण आणि ते घेताना त्या माणसाला विचारले जाते का. आठवण गेली म्हणून आवडनिवड जात नाही. समज उणावली तर आधार वाढवायचा असतो. अधिकार तेवढाच राहतो.

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये मांडलेला अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. यातल्या फार थोड्यांचा प्रश्न कधी कोर्टात जाईल. बाकीच्यांचे हक्क जातात ते सकाळी सहा ते रात्री आठच्या दरम्यान, कुणाच्या लक्षातही न येता. जन्मभर नऊवारी नेसलेल्या आजीला गाऊन चढतो, कारण नेसवायला वेळ लागतो. केस कापले जातात, कारण विंचरताना ती ओरडते. आधी चहातली साखर जाते, मग दुपारचा चहाच जातो, कारण रात्री अंथरूण ओले होते. अंघोळ सहालाच, कारण पाळी बदलायच्या आत सगळ्यांच्या उरकायच्या असतात. टीव्हीवर काय लावायचे ते मावशी ठरवतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि सुटे सुटे घेतले तर प्रत्येक कारण पटण्यासारखेही आहे. पण वर्षभराने या बाईच्या दिवसात तिने स्वतः ठरवलेले असे काय उरते? तुरुंगातल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते.

यावरचा सर्वांत जड आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्यात घेणाऱ्यांशी माझे जमत नाही. गॅस सुरू राहतो. रात्री दोन वाजता दार उघडून आजोबा ‘ड्यूटीवर’ निघतात. मुंबईसारख्या शहरात कुणी एकट्याने लोकलच्या फलाटापर्यंत पोचणे म्हणजे काय, हे सांगायला नको. अशा घराने दाराला वरून कडी लावली तर त्यांना हक्कांचे व्याख्यान देणे निर्लज्जपणाचे ठरेल. पण हा धोका सगळा कुटुंबाच्याच डोक्यावर का, हे कधी विचारतो का आपण? जपानमध्ये आइची प्रांतातल्या ओबु शहरी २००७ साली डिमेन्शिया असलेले ९१ वर्षांचे गृहस्थ घरातून बाहेर पडले आणि रेल्वेखाली गेले. ८५ वर्षांच्या पत्नीचा काही मिनिटे डोळा लागला होता. रेल्वे कंपनीने गाड्यांच्या खोळंब्याबद्दल कुटुंबावर नुकसानभरपाईचा दावा लावला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने पत्नी आणि मुलगा दोघांना जबाबदार धरून सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितले. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने रक्कम निम्मी करून ती एकट्या पत्नीवर टाकली. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळे केले. तो निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते? देशभरातल्या घरांनी दुसऱ्या दिवशी कुलपे आणली असती, आणि त्यांचे चुकले असे म्हणता आले नसते. पुढे कोबे शहराने २०१९ मध्ये अशा अपघातांच्या भरपाईची योजनाच आणली आणि तिच्यासाठी करदात्यांकडून वर्षाला माणशी ४०० येन जादा घ्यायला सुरुवात केली. दार उघडे ठेवायचे तर त्याचा खर्च गावाने वाटून घ्यायचा, असा हा रोकडा हिशेब आहे. आपल्याकडे मात्र आजोबा हरवले की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो: ‘घरच्यांचं लक्ष नव्हतं का?’

शिवाय सुरक्षिततेच्या नावाखाली चालणारे सगळेच सुरक्षित असते, हा एक गोड गैरसमज आहे. हात पलंगाला बांधले की पडणे थांबते म्हणतात. प्रत्यक्षात बांधलेल्या माणसाच्या पायातले बळ आठवड्यांत जाते, पाठीला जखमा होतात, आणि सोडल्यावर तो पूर्वीपेक्षा लवकर पडतो. दोरी दिसते तरी; गोळी तर दिसतही नाही. ‘रात्री फार त्रास देतात हो’ म्हटले की मनोविकारांवरची औषधे चालू होतात आणि आजोबा ‘शांत’ होतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच इशारा दिला की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या वर्गातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. २००८ मध्ये तो इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटिश सरकारने मागवलेल्या २००९ च्या अहवालात अंदाज होता, की तिथे डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना वर्षाकाठी अशी औषधे दिली जातात, त्यांतल्या जेमतेम ३६,००० जणांना काही उपयोग होतो आणि सुमारे १,८०० जादा मृत्यू ओढवतात. कधी कधी या औषधांवाचून खरोखरच गत्यंतर नसते, हे मान्य. पण ती बहुतेक वेळा कुणाच्या झोपेसाठी दिली जातात, हे ज्याने त्याने आपापल्या मनाला विचारावे. आपल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ९७ वे कलम मानसिक आरोग्य संस्थांना स्वच्छ बजावते की तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच माणसाला बांधता येईल, शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्याने एखादी रात्रपाळी जवळून पाहिली असावी.

दुसरा युक्तिवाद ऐकायला मवाळ आणि परिणामात फार कठोर आहे: ‘विचारून उपयोग काय? पाच मिनिटांत विसरणार.’ आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराच्या, रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने त्यांना त्यातले जवळजवळ काहीच आठवेना, पण मनात उमटलेले दुःख किंवा आनंद तसाच टिकून होता. आता ओरडून, ओढत नेऊन घातलेली अंघोळ घ्या. अंघोळ विसरली जाते, अपमान राहतो. दुपारी आजी जेवणाचे ताट ढकलते तेव्हा मावशी म्हणतात, आज मूड नाही. मूड गेला कुठे ते सकाळी सहाला मोरीत शोधावे लागेल.

‘पण समज नसलेल्या माणसाचा निर्णय ग्राह्य कसा धरायचा?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटते की कायदा आपल्या बाजूने आहे. नाही. १८७२ चा करार कायदा, इंग्रजांनी केलेला, त्यातही म्हटले आहे की एरवी भ्रमिष्ट असलेला पण मधूनमधून भानावर येणारा माणूस भानावर असताना करार करू शकतो. १९२५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्राबाबत तेच मान्य केले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर आजाराच्या व्याख्येतच स्मृती आणि भान यांचा उल्लेख करतो आणि चौथ्या कलमात सांगतो की निर्णय बोलून, चेहऱ्याने, हातवाऱ्याने, कसाही कळवला तरी चालेल; माहिती त्या माणसाला समजेल अशा साध्या भाषेत, लागल्यास चित्रे दाखवून द्यायची; आणि इतरांना त्याचा निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याला समज नाही असे ठरवायचे नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही जे कळत होते ते असे, की समज दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद नसते. सकाळी असते, संध्याकाळी जाते. साडीबाबत असते, शेअर बाजाराबाबत नसते.

गंमत म्हणजे हे आपल्याला चांगले ठाऊक असते, फक्त सोयीने आठवते. जेवायला काय हवे हे विचारायचे नाही, कारण ‘तिला काय कळतंय’. त्याच आईला भावाच्या नावे हक्कसोडपत्र करायचे असले की रिक्षा बोलावून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले जाते, डॉक्टरचा दाखला जोडला जातो, ‘आई, इथे अंगठा लाव’ म्हटले जाते, आणि त्या दिवशी तिला सगळे कळत असते. वरणभाताला असमर्थ आणि सातबाऱ्याला समर्थ! ‘आमच्या संस्कृतीत निर्णय कुटुंब घेते, हे व्यक्तिस्वातंत्र्याचे खूळ पाश्चात्त्यांचे’ असे जे ऐकवतात, त्यांनी एकदा या कार्यालयाच्या बाकावर बसून यावे. कुटुंब हा आपल्याकडचा सर्वांत मोठा आधार आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याच कुटुंबात वाटेकरीही असतात. ज्याचा वाटा आहे त्यानेच ‘हिला कळत नाही’ असे ठरवायचे, ही रीत कुठल्या संस्कृतीत न्याय्य म्हणावी?

आणि संस्कृतीचाच दाखला हवा तर तो मनूचाही घ्यावा लागेल. बापाने कुमारपणी, नवऱ्याने तारुण्यात रक्षण करावे, पुढे ‘रक्षन्ति स्थविरे पुत्राः’, म्हातारपणी मुलांनी. आणि त्याला लागूनच ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. तीन वेळा रक्षण आणि शेवटी स्वातंत्र्याला नकार. आज डिमेन्शियाच्या बाबतीत आपण हेच सूत्र आजोबांनाही लावून समता आणली आहे. स्त्रिया, जातीने खाली ढकललेले, वसाहतीतल्या ‘नेटिव्ह’ जनता: ज्यांचे ज्यांचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले, त्या सगळ्यांना सांगितलेले कारण एकच होते, तुमच्याच भल्यासाठी. लोकमान्यांच्या काळात इंग्रजांचा मुद्दा तरी काय होता? तुम्हाला अजून समज आलेली नाही.

इथे कुणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून आहे. नेटिव्हांना समज होतीच, इंग्रज खोटे बोलत होते. डिमेन्शियात मात्र मेंदू खरोखर झिजतो. आक्षेप बरोबर आहे, म्हणून मी दुसरे उदाहरण घेते, जिथे उणीव खरीच होती. १९५१ च्या जनगणनेत या देशात साक्षर होते १८ टक्क्यांच्या आसपास. मतपत्रिका वाचताच येणार नाही अशा कोट्यवधी लोकांना मतदान कसे करू द्यायचे? साक्षर होईपर्यंत थांबवा, असे सुचवणारे शहाणे कमी नव्हते. देशाने मताचा अधिकार तसाच ठेवला आणि पेट्या बदलल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह: बैलजोडी, झोपडी. उणीव मतदाराची होती, ती भरून काढण्याची जबाबदारी व्यवस्थेची ठरली. आजही अंध किंवा अपंग मतदाराला मत नोंदवायला सोबती नेता येतो; त्या सोबत्याला मतदाराच्या इच्छेप्रमाणे मत द्यायचे असते, स्वतःच्या नव्हे. डिमेन्शियात हवी ती नेमकी हीच युक्ती. ‘कुठली साडी नेसणार?’ या प्रश्नाने गोंधळणाऱ्या बाईसमोर दोन साड्या धरल्या तर हात एकीकडे जातो. ताटात काय हवे हे सांगता येत नसेल तर भाकरी आणि पोळी दोन्ही समोर ठेवता येतात. महत्त्वाचे बोलणे तिच्या चांगल्या वेळी, बहुधा सकाळी, चष्मा आणि कानयंत्र लावून करता येते. आज एक उत्तर आले, परवा पुन्हा विचारले तर तेच येते का, हे पाहता येते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही पालकत्वाचा अर्थ शक्यतो संयुक्त निर्णय असाच धरला आहे, ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीपुरता.

आता खरा अवघड भाग. माणूस आजारपणात बदलतो, मग ऐकायचे कुणाचे, आधीच्या माणसाचे की आत्ताच्या? समजा, गळ्यात तुळशीची माळ घालून चाळीस वर्षे वारी केलेले आजोबा केंद्रात आहेत. शेजारच्या ताटातले उकडलेले अंडे ते उचलून खातात, आवडीने खातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतात. मुलगा येतो आणि संतापतो: माझ्या बापाला भ्रष्ट केलंत. मुलाचे दुःख खोटे नाही. ज्या निष्ठेवर एक आयुष्य उभे होते ती केवळ मेंदूतल्या बिघाडामुळे मोडावी, हे वडिलांना स्वतःला पूर्वी सांगितले असते तर त्यांनी कळवळून ‘मला आवरा’ म्हटले असते. तत्त्वज्ञांमध्ये या प्रश्नावर तीन दशकांहून अधिक काळ वाद आहे आणि मला दोन्ही टोके पटत नाहीत. पूर्वीच्या माणसाचाच शब्द अखेरचा म्हटला, तर समोर जिवंत बसलेला, हात पुढे करणारा म्हातारा हा एका मृताच्या इच्छापत्राचा अंमलदार होऊन बसतो. आत्ताच्या क्षणालाच सगळे सोपवले, तर चाळीस वाऱ्यांना काही किंमतच उरत नाही. मला विचाराल तर आधी आजोबांकडे बघावे लागेल. माळेला हात लागला की ते काय करतात? हरिपाठ सुरू झाला की ओठ हलतात का? ‘माळकऱ्याला अंडं चालतं का हो आजोबा?’ असे प्रेमाने विचारले तर हात मागे घेतात का? तथ्ये विसरली तरी मूल्ये बराच काळ टिकून राहतात. ती निष्ठा जागी असेल तर तिला आठवणीचा आधार देणे, जेवायची जागा बदलणे, हेच त्यांच्या इच्छेला धरून होईल. पण माळ ही त्यांना नुसती मण्यांची ओळ झाली असेल, आणि अंडे हे दिवसातले एकुलते एक सुख असेल, तर ते हिसकावून घेण्याचा अधिकार मला मुलाचा वाटत नाही. पांडुरंग त्यांच्यावर रागावेल असे ज्याला वाटते त्याने संतांना फारच उथळ वाचले आहे.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप मात्र थकलेल्या माणसाचा असतो. ‘हे सगळं ठीक आहे, पण दोन साड्या धरायला वेळ कुणाकडे आहे?’ बहुतेक घरांत हे काम एकाच बाईवर पडते. ती बायको किंवा सून असते, बिनपगारी असते आणि तिच्या पसंतीबद्दलही कुणी विचारलेले नसते. तिच्यावर आणखी एक आदर्श लादायला मी हा लेख लिहीत नाही. पण ‘आपल्यासारख्या देशात हे परवडणारे नाही’ हे मला मान्य नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने डिमेन्शियाच्या ८१ कुटुंबांसोबत एक प्रयोग केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिले. ते घरी जात, आजार समजावत, चिडण्याच्या प्रसंगी काय करायचे ते सांगत, डॉक्टर आणि सरकारी योजना यांच्याशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. यात ना महागडी यंत्रे होती ना परदेशी तज्ज्ञ. महाराष्ट्रात आशाताई दारोदार जातातच. अशा भेटी त्यांच्या कामात धरता येतील, अर्थात वेगळे मानधन देऊन, फुकट नव्हे. आणि केंद्रे? अनेक केंद्रांत माणसे कमी असतात, कारण मावशींना दिला जाणारा पगार आणि नातेवाईकांकडून घेतली जाणारी फी यांच्यातले अंतर कुणी विचारत नाही. प्रवेशापूर्वी आपण बागेचे, एसीचे, नर्सिंगचे विचारतो. रात्रपाळीला किती जण असतात, दिवे किती वाजता जातात, झोपेच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत आणि आजीला दुपारी उठून चहा हवा असेल तर मिळेल का, हे विचारून पाहा. व्यवस्थापक कुठल्या प्रश्नाला चुळबुळ करतो, त्यावरून बरेच कळते.

कायद्याच्या बाजूने मात्र एक मोठे भगदाड आहे आणि त्याबद्दल मुलांना दोष देता येणार नाही. आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, एखाद्याने आपले व्यवहार पाहण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र मुलीच्या नावे केले, तर समज गेल्यावर ते करार कायद्याप्रमाणे संपते. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज लागते नेमका त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने टिकाऊ मुखत्यारपत्राची सोय केली. समज गेल्यावरही ते चालते आणि मुखत्याराला त्या व्यक्तीच्या हिताला आणि इच्छांना धरून वागावे लागते. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहून ठेवण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, पण ती मानसिक उपचारांपुरती. पैशांचे काय? १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक किंवा व्यवस्थापक नेमून घेता येत असे. नव्या कायद्याने ती वाट बंद केली आणि दुसरी उघडली नाही. त्यामुळे संसद टिकाऊ मुखत्यारपत्राचा कायदा करत नाही तोवर, वडिलांच्याच पेन्शनमधून वडिलांच्याच मावशींचा पगार द्यायला, कोल्हापूरच्या नाहीतर नांदेडच्या लेकीला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.